फोर-व्हील लागेना? आधी ऐका, मग उघडा!

फोर-व्हील ड्राइव्हची वर्षभर कुणाला आठवण होत नाही, आणि होते तेव्हा गाडी चिखलात रुतलेली असते! नॉब फिरवला, दिवा नुसताच लुकलुकतोय. मग गॅरेजमध्ये ठरलेलं निदान : "ट्रान्सफर केस गेली." आकडा ऐकून मालक गार! पण बिघाड बऱ्याचदा साध्या जागी असतो.

आधी थोडी थिअरी. पिकअपमध्ये सहसा गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. टू-एचमध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना. फोर-एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना लॉक होतो. फोर-एलमध्येही तसंच, पण वेग साधारण अडीच पट कमी आणि टॉर्क त्याच प्रमाणात जास्त. नॉब फिरवला की कंट्रोल युनिट एका छोट्या मोटरला हुकूम देतं, मोटर शिफ्ट फोर्क सरकवते आणि पोझिशन सेन्सर "झालं" असं कळवतो. आपण याच क्रमाने जायचं.

१) अटी पाळल्या का? फोर-एलसाठी बहुतेक गाड्यांत गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते. आणि कोरड्या डांबरावर फोर-एच लावून वळलात, तर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि टू-एच परत येत नाही. अशा वेळी सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

२) फ्यूज आणि बॅटरी बघा. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला, मोठा नको.

३) ऐका. इंजिन बंद, इग्निशन ऑन. मित्राला नॉब फिरवायला सांगा. मोटरचा आवाज येतोय पण शिफ्ट होत नाही? मग फोर्क जॅम किंवा सेन्सरचा घोळ. आवाजच नाही? मग मीटर काढा.

४) व्होल्टेज मोटर जोडलेली असताना, शिफ्टच्या क्षणीच मोजा. सुट्टीत मी एका पिकअपवर हेच केलं. मालकाला नवी मोटर घ्यायला सांगितलं होतं. कनेक्टर सुटा ठेवून १२ व्होल्ट दिसत होते, पण लोड आल्यावर जेमतेम ७! अर्थिंगचा बोल्ट गंजलेला निघाला. पॉलिश पेपरने घासला, आवळला, काम फत्ते.

५) ट्रान्सफर केस शिफ्ट होते, पण पुढची चाकं ओढत नाहीत? काही गाड्यांत पुढचा ॲक्सल व्हॅक्यूमवर जोडला जातो. तिथला रबरी पाइप चिरलाय का बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टू-एच, फोर-एचमधून फोर-एलकडे जाताना ट्रान्सफर केस स्वतःच्या न्यूट्रलमधून जाते. शिफ्ट तिथेच अडकली, तर गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळू शकते, कारण गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच उरत नाही! म्हणून खाली शिरण्याआधी हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. नुसत्या गिअरच्या भरवशावर गाडीखाली झोपू नका. मित्र नॉब फिरवत असेल तेव्हा तर नाहीच, बाजूला उभं राहून ऐका.

आणि हो, महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-व्हील लावून काढत जा. न वापरलेला भाग आधी जॅम होतो, मग बिल देतो!