दर आठवड्याला, पंधरा दिवसांनी की एकवीस? : केमोच्या वेळापत्रकाबद्दलचे गैरसमज

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची आता वाराणसीत दोन रुग्णालये आहेत. लहरताऱ्याचे जुने रेल्वेचे कर्करोग रुग्णालय २०१८ साली केंद्राकडे आले आणि होमी भाभा कर्करोग रुग्णालय झाले. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातल्या महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्‌घाटन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. पूर्व उत्तर प्रदेश, पश्चिम बिहार, झारखंड इथल्या बायका स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारासाठी इथे येतात. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही केमोसाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. तरी मुंबई-पुण्याहून फोन येतोच : ‘आमच्या मावशींना दर आठवड्याला देत होते, हिला एकवीस दिवसांनी का?’ एवढ्या एका प्रश्नाने घराची झोप उडते. म्हणून केमोचे वेळापत्रक कसे ठरते, ते नीट समजून घेतले पाहिजे.

गैरसमज : दर आठवड्याला केमो म्हणजे आजार फार वाढलाय.

आठवड्याच्या वेळापत्रकाचा आजाराच्या गंभीरपणाशी थेट संबंध नाही; तो औषधाच्या गुणाशी आहे. पॅक्लिटॅक्सेल हे औषध पेशी विभागत असताना तिला पकडते. सगळ्या पेशी एकाच वेळी विभागत नाहीत, म्हणून ते थोडे थोडे पण वारंवार दिलेले अधिक उपयोगी पडते. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ४,९५० स्त्रियांवर हे तपासले गेले आणि २००८ साली निष्कर्ष आले. पॅक्लिटॅक्सेल आठवड्याला एकदा, असे बारा वेळा घेतलेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनी ८९.७ टक्के हयात होत्या; दर तीन आठवड्यांनी घेतलेल्यांपैकी ८६.५ टक्के.

यातले गणित पाहण्यासारखे आहे. आठवड्याचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ८० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांचा १७५. दीड चौरस मीटरच्या बाईला आठवड्याला १२० मिलिग्रॅम, म्हणजे तीन आठवड्यांत ३६०. एकदम दिले तर साधारण २६२. म्हणजे एकूण औषध जास्तच जाते, पण एका वेळचा भार कमी असल्याने ते बहुतेकींना झेपते. याची किंमतही आहे. त्याच चाचणीत हातापायांच्या नसांचा जाणवण्याजोगा त्रास आठवड्याच्या गटात २७ टक्के स्त्रियांना झाला, दुसऱ्या गटात २० टक्के. मधुमेहामुळे तळपायांना आधीच मुंग्या येत असतील, तर हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

गैरसमज : पंधरा दिवसांनी केमो देणे म्हणजे घाई; शरीराला सावरायला वेळ मिळत नाही.

केमोने गाठीच्या पुष्कळ पेशी मरतात. उरलेल्या मधल्या सुट्टीत पुन्हा वाढू लागतात, आणि गाठ लहान असताना ही वाढ अधिक वेगाने होते. खुरपणी केलेल्या शेतात तण पुन्हा डोके काढते, तसेच हे. लॅरी नॉर्टन आणि रिचर्ड सायमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हा विचार मांडला आणि त्यातून अंतर कमी करण्याची पद्धत आली. डोस तेवढाच, फक्त एकवीसऐवजी चौदा दिवसांनी. तीच आठ केमो चोवीस आठवड्यांऐवजी सोळा आठवड्यांत संपतात.

पूर्वी हे शक्य नव्हते, कारण चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी पुरेशा भरून येत नसत. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने आली आणि वाट मोकळी झाली. केमोनंतर साधारण एका दिवसाने कातडीखाली दिले जाणारे हे इंजेक्शन या वेळापत्रकाचा भागच आहे. ‘काउंट चांगले आहेत, मग इंजेक्शन कशाला?’ असे म्हणून ते टाळू नये.

फायदा किती? २०१९ साली लॅन्सेटमध्ये २६ चाचण्यांतल्या ३७,२९८ स्त्रियांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. केमोची घनता (म्हणजे ठरावीक काळात मिळणारे औषधाचे प्रमाण) वाढवलेल्या गटात दहा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने मृत्यूचे प्रमाण १८.९ टक्के होते, नेहमीच्या वेळापत्रकात २१.३ टक्के. इतर कारणांनी होणारे मृत्यू वाढले नाहीत. शंभरात दोन-अडीच जीव वाचणे मला मोठी गोष्ट वाटते. पण एकवीस दिवसांची केमो म्हणजे फसवणूक, असा अर्थ मात्र यातून निघत नाही. हृदय अशक्त असेल, वय जास्त असेल, काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेलेला नसेल, तर डॉक्टर विचारपूर्वक सौम्य किंवा संथ मार्ग निवडतात.

गैरसमज : डोस जितका मोठा, तितका गुण.

ही समजूत एकेकाळी डॉक्टरांमध्येही होती, आणि तिची झळ हजारो स्त्रियांनी सोसली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत प्रचंड डोस देऊन नंतर स्वतःच्याच मूलपेशी परत चढवण्याचे उपचार झाले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्नर बेझवोडा यांनी १९९९ साली त्याचे उत्तम निकाल जाहीर केले. दुसऱ्याच वर्षी तपासणी झाली आणि ते खोटे असल्याचे उघड झाले. इतर चाचण्यांत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात त्या डॉक्सोरुबिसिनचा डोस दर चौरस मीटरला ६० वरून ७५ आणि ९० मिलिग्रॅमपर्यंत नेऊनही फायदा वाढला नाही, हेही एका वेगळ्या चाचणीत दिसले. ओकाऱ्या जास्त झाल्या म्हणजे औषध जास्त लागू पडले, ही समजूतही तितकीच निराधार आहे.

गैरसमज : एखादी तारीख पुढे गेली तर काय बिघडते?

वाराणसीत सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज मला हाच वाटतो. छठ, लग्नसराई, भातकापणी, रेल्वेचे न मिळालेले तिकीट, सोबत यायला माणूस नसणे. कारणे खरी असतात. पण औषधाइतकेच अंतरही उपचाराचा भाग आहे. इटलीतल्या मिलानचे कर्करोगतज्ज्ञ बोनाडोना यांच्या रुग्णांचा वीस वर्षांचा आढावा १९९५ साली आला, तेव्हा ठरलेल्या डोसपैकी किमान ८५ टक्के मिळालेल्या स्त्रियांची स्थिती सर्वांत चांगली दिसली. काउंट कमी म्हणून डॉक्टरांनी चार दिवस थांबायला सांगणे वेगळे आणि आपण घरी बसून राहणे वेगळे.

म्हणूनच दूरच्या गावातल्या बाईसाठी कागदावर सर्वांत सरस असलेले वेळापत्रक सरसच ठरेल असे नाही. बारा आठवडे बारा फेऱ्या तिला जमणार नसतील, तर तीन आठवड्यांनी न चुकता चार फेऱ्या बऱ्या. तिसऱ्या आठवड्यात सुटलेला उत्तम उपचार हा उत्तम राहत नाही.

तिहेरी निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि HER2 नसलेल्या) प्रकारात मात्र आपल्याच देशाचा पुरावा आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ७२० स्त्रियांवर चाचणी केली आणि निकाल डिसेंबर २०२२ मध्ये मांडला. शस्त्रक्रियेआधी आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलसोबत कार्बोप्लाटिन दिल्याचा स्पष्ट फायदा पन्नास वर्षांपर्यंतच्या स्त्रियांना झाला. औषध जुने आणि तुलनेने स्वस्त आहे. इथे आठवड्याची फेरी जमवण्यासाठी घराने जीव तोडून प्रयत्न करावेत.

काशीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. काउंट उतरलेले असताना गंगास्नान आणि न उकळलेले गंगाजल दोन्ही टाळा, उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत मिळते, सोबत्यालाही मिळते. पात्र कुटुंबाला आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना गाव किती लांब आहे, सोबत कोण येणार आहे आणि किती खर्च झेपेल ते सांगा, आणि विचारा : ‘माझ्यासाठी हेच वेळापत्रक का?’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.