परमुलखात घर मांडताना

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना इथे राहायची परवानगीच नव्हती. आदल्या वर्षी फिलाडेल्फियाहून निघून ते कलकत्त्याला पोचले होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं. परत जाण्याचा हुकूम सुटल्यावर ते गुपचूप मुंबईच्या जहाजात बसले, तर मुंबईतही तोच हुकूम! सिलोन गाठण्याच्या खटपटीत ते कोचीनपर्यंत गेले आणि तिथून त्यांना पुन्हा मुंबईला आणण्यात आलं. अखेर हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांना कळकळीचं पत्र लिहिलं आणि रवानगी थांबली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीची सनद बदलून मिशनऱ्यांची वाट मोकळी केली. अमेरिकन मराठी मिशनचं बस्तान बसलं ते असं.

बस्तान बसलं खरं, पण माणसं टिकत नव्हती. त्यांच्याच तुकडीतली हॅरिएट न्यूएल ही एकोणीस वर्षांची मुलगी १८१२ मध्ये मॉरिशसलाच वारली. तिचा नवरा सॅम्युअल मागाहून एकटा मुंबईत आला आणि १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेला. नॉट यांना प्रकृतीपायी दोन-तीन वर्षांतच परतावं लागलं. १८२५ मध्ये हॉल यांची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला गेली, हॉल मात्र कामासाठी मागे राहिले. पुढच्या वर्षी नाशिक भागात फिरताना त्यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना औषधं वाटली आणि २० मार्चला धोडी दापूर या गावी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. वय अवघं एक्केचाळीस. नवरा-बायकोची पुन्हा भेट झालीच नाही.

या साऱ्या धडपडीत त्यांना तारलं ते इथल्याच माणसांनी. मराठी आल्याशिवाय मिशनऱ्याला बाजारातही धड वावरता येत नव्हतं, मग उपदेश तर दूरच. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं होतं, पण तेही वैजनाथ पंडितांच्या मदतीने. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश यायला १८३१ उजाडलं. तोवर भिस्त होती ती शिकवायला येणाऱ्या पंडितावर. बाळबोध आणि मोडी अशा दोन लिप्या, शिवाय कोणाला अहो म्हणायचं आणि कोणाला अरे, हे कुठल्या पुस्तकातून कळणार? स्कॉटलंडचे जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये मुंबईत आले आणि लगेच कोकणात गेले. बाणकोट-हर्णैला राहून मराठी शिकायची, मग मुंबईत काम सुरू करायचं, असा तो बेत होता. पुढे ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज ओळखलं गेलं, त्यांनी आधी कोकणातल्या गावांत विद्यार्थीपण पत्करलं, ही गोष्ट मोलाची आहे.

मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. सहा वर्षांतच, एप्रिल १८३५ मध्ये, त्या वारल्या. मिशनच्या इतिहासात पुरुषांची नावं ठळक छापली गेली, पण परक्या देशात संसार उभा करणं, बाळंतपणं निभावणं, आजारी मुलांच्या उशाशी बसणं आणि त्यातून वेळ काढून शाळा चालवणं हे बायकांच्याच वाट्याला आलं.

सिंथिया फॅरार यांची गोष्ट त्याहून वेगळी. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवल्या गेलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. डिसेंबर १८२७ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि मुलींच्या शाळांचं काम त्यांनी हाती घेतलं. मध्यंतरी प्रकृतीसाठी मायदेशी जाऊन आल्या, तेव्हा त्यांना खुशाल तिकडेच राहता आलं असतं. पण त्या परतल्या आणि अहमदनगरला स्थिरावल्या. त्यांच्या तिथल्या कामातून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली. १८४८ मध्ये फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यामागे नगरच्या या अनुभवाचाही हात होता. फॅरार १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

गावाने या मिशनऱ्यांना आपलं मानलं का? याचं उत्तर सरळ नाही. ही माणसं धर्मांतर घडवायला आली होती आणि ते लोकांना पुरतं ठाऊक होतं. १८३९ मध्ये विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि आईबापांनी धडाधड मुलं त्यांच्या शाळेतून काढून घेतली. आईबापांची ती भीती खोटी नव्हती. घरातला मुलगा ख्रिस्ती झाला की जातीतून, पंगतीतून, घरातून तुटत होता. शाळा हवी, औषध हवं, पण धर्म नको, असा तो संबंध वर्षानुवर्षं चालला. तरीही विल्सन इथलेच होऊन राहिले आणि १८७५ मध्ये मुंबईतच वारले.

मुलांचा प्रश्न मात्र सगळ्यांनाच छळत राहिला. हवा सोसेना, शिक्षणाची सोय नाही, म्हणून मुलांना मायदेशी नातलगांकडे पाठवायचं आणि वर्षानुवर्षं पत्रांवर तहान भागवायची. अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी कोडाईकनालची शाळा निघाली ती थेट १९०१ मध्ये. पण याच ताटातुटीतून एक वेगळी पिढी घडली. रॉबर्ट ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत जन्मले, अमेरिकेत येल विद्यापीठात शिकले आणि १८७४ मध्ये अहमदनगरला आले. त्यांच्या बाबतीत परदेशी जाणं कुठलं आणि घरी येणं कुठलं, हे सांगणं अवघड आहे.

याच पिढीतल्या जस्टिन अॅबट यांचे वडील नगरचे मिशनरी. स्वतः जस्टिन यांनी १८८१ पासून जवळपास तीस वर्षं इथे काम केलं आणि निवृत्त होऊन ते न्यू जर्सीला गेले. तिथे बसून त्यांनी हाती घेतलं ते मराठी संतांचं काम: एकनाथ, बहिणाबाई, महिपतीने लिहिलेली संतचरित्रं इंग्रजीत आणण्याचं. महिपतीच्या ग्रंथांसाठी त्यांच्या जोडीला होते नरहर गोडबोले हे पंडित. पुस्तकांची ही माला १९२६ पासून निघू लागली आणि १९३२ मध्ये अॅबट वारले तोवर त्यांचं हे काम चालूच होतं.