नडगीवरचे लाल ठिपके

अजिंठ्यासारख्या गावात पावसाळा सरता सरता शाळेत तापाची साथ येऊन जाते. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाच्या नडगीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके दिसतात. न पडता काळेनिळे डागही उठतात. मूल मात्र खेळत असते. घरचे म्हणतात उष्णता, शेजारी म्हणतात गोवर, आणि शिक्षकांना शंका येते की याला घरी कुणी मारते का?

काचेचा स्वच्छ पेला ठिपक्यावर दाबून काचेतून पाहावे. रक्तवाहिनी नुसती फुगलेली असेल तर रक्त बाजूला सरते आणि लाली फिकी पडते. गोवराचे नवे पुरळ असे वागते. वाहिनीबाहेर सांडलेले रक्त मात्र दाबून कुठे जाणार? ठिपका तसाच राहतो. सावळ्या कातडीवर हे चटकन कळत नाही. म्हणून टाळू आणि तळपायही पाहावेत.

बारीक केशवाहिन्यांची गळती रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट, बुजवत असतात. (डेंग्यूच्या दिवसांत लोक ‘पांढऱ्या पेशी उतरल्या’ म्हणतात, त्या पेशी वेगळ्या.) घनमिलिमीटरभर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. फारच घटल्या की ठिपके उमटतात. उभे असताना पायांतल्या रक्तवाहिन्यांवर दाब अधिक, म्हणून बहुधा आधी नडगीवर.

त्या घटतात कशाने? अमेरिकेतील सेंट लुई येथे १९५० साली विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी अशा एका रुग्ण स्त्रीचे रक्त स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांतच त्यांच्या रक्तपट्टिका जवळजवळ नाहीशा झाल्या, अंगावर ठिपके आले. हे धाडस आम्हांला आततायीच वाटते. पण रक्तपट्टिकांचा वैरी रक्तातच असतो, हे त्यातून कळले. विषाणूशी लढताना कधीकधी शरीर अशी प्रतिपिंडे बनवते, की ती आपल्याच रक्तपट्टिकांना चिकटतात. मग प्लीहा त्यांना गिळते.

हा विकार संसर्गजन्य नाही. मुलाला वेगळे बसवू नये. दहापैकी सुमारे आठ मुले सहा महिन्यांत बरी होतात. पण डेंग्यू आणि रक्ताचा कर्करोगही असेच ठिपके दाखवतात, म्हणून डॉक्टरांकडून रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. मारहाणीच्या शंकेवरही तो कागद बराच प्रकाश टाकतो. पुढच्या तपासण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय शंभरएक किलोमीटरवर आहे. तोवर कबड्डी बंद; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन द्यायचे नाही. ताप, तीव्र डोकेदुखी, उलटी किंवा न थांबणारा घोळणा असेल तर शाळा सुटण्याची वाट न पाहता मुलाला दवाखान्यात न्यावे.