डोक्यावर मोळी नसताना

पट्टा किल्ल्यावर दिवसभर चालायला जायचं, असं आमच्या महिला मंडळात ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "तिथं काय काम आहे?" प्रश्न बरोबर होता. आपल्या घरातल्या बायका डोंगरात गेल्या त्या कामालाच. मोळी आणायला, गवत कापायला, शेण वेचायला. नुसतं चालायला जाणं ही रिकामटेकड्यांची, पैसेवाल्यांची हौस, असंच आपण धरून चाललो आहोत. आमचं म्हणणं उलटं आहे. चालण्याची सगळ्यात जास्त गरज आपल्यालाच आहे.

सिन्नरच्या बस्त्यांमधून कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या जातात. मांडीवर सूप, एक पाय दुमडलेला, मान खाली, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा तर बाई पाण्यालासुद्धा उठत नाही. चाळिशीत गुडघे धरतात, मान आखडते, तंबाखूच्या धुळीनं खोकला लागतो. ज्या एमआयडीसीत जातात त्या आठ-आठ तास एका जागी उभ्या. म्हणजे अंग दमतं, पण हलत नाही. "आम्ही काय कमी राबतो का, अजून व्यायाम कशाला?" असं मावशी विचारतात. राबणं आणि चालणं यांत फरक आहे. राबताना शरीराचा एकच भाग झिजतो. चालताना पाय, छाती, काळीज, फुप्फुस सगळं मिळून काम करतं.

ही गोष्ट काही नव्या डॉक्टरांनी शोधलेली नाही. अंगुत्तर निकायात चंकमसुत्त आहे. त्यात भगवान बुद्धांनी चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्टाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लं-प्यालेलं नीट पचतं आणि चालताना मिळालेली मनाची एकाग्रता जास्त काळ टिकते. पाचातले चार लाभ सरळ शरीराचे आहेत. आपण विहारात बसून ध्यान करतो, चंक्रमण मात्र विसरलो.

पट्टा किल्ला सिन्नर आणि अकोले तालुक्यांच्या शिवेवर आहे. सिन्नरहून डुबेरे, ठाणगाव करत घाट चढलं की पवनचक्क्या दिसू लागतात आणि पायथ्याला पट्टेवाडी लागते. शिवाजी महाराज नोव्हेंबर १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परत येताना मोगली फौज पाठीवर होती, तेव्हा ते या गडावर येऊन थांबले, विसावले. म्हणून याचं नाव विश्रामगड. म्हाळुंगी नदी याच डोंगरातून निघून संगमनेरला प्रवरेला मिळते. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "राजाला विसावा लागतो, मग आपल्याला लागत नाय व्हय?"

विसाव्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुट्टी आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा हे कायदे त्याच काळातले. विडी कामगारांसाठी वेगळा कायदा १९६६ साली आला. पण घरी बसून विडी वळणाऱ्या बाईच्या घरात घड्याळ कोण बघतं? तिला सुट्टी तिनंच घ्यावी लागते, आणि घेतली की त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून आम्ही माल जमा करायचा नसतो तो दिवस निवडला, आणि निघायच्या महिनाभर आधी तयारी सुरू केली.

तयारी म्हणजे काय, तर आधी तपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली म्हणजे फारच कमी. आमच्या एका ताईचं ७.४ निघालं. रोज चार हंडे पाणी भरणारी, घरात कधी न झोपणारी बाई. तिला यायचंच होतं. भाकरी-चटणीचा डबासुद्धा तिनं मनात भरून ठेवला होता. आम्ही तिला सांगितलं, गाडीत ये, पायथ्याला बस, पण चढायचं नाही. इतक्या कमी रक्तात चढणीवर काळजाला दुप्पट पळावं लागतं. ती रुसली. मग हळूच म्हणाली, पाळीला नऊ-नऊ दिवस जातं, दोन वर्षं झाली, कुणाला सांगायचं? डोंगराचं निमित्त झालं नसतं तर ही गोष्ट आणखी किती दिवस लुगड्याच्या पदरात राहिली असती कोण जाणे. आता तिची सोनोग्राफी झाली आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हे तिला आणि तुम्हालाही सांगून ठेवतो.

बीपी वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढे असेल तर चढण नको, आधी डॉक्टर. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नये, खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली की तिथंच बसून आधी ती खावी. आणि साखरेच्या माणसानं अनवाणी एक पाऊलही टाकू नये. पायाला टोचलेलं कळत नाही, चार दिवसांनी जखम दिसते.

महिनाभर रोज संध्याकाळी अर्धा तास चाललो. सुरुवातीला गल्लीतून हसण्याचे आवाज आले, "बघा, मॅडम निघाल्या." पंधरा दिवसांनी हसणाऱ्यांतल्याच दोघी येऊन मिळाल्या. किती वेगानं चालायचं याला यंत्र लागत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. तो वेग बरोबर.

गडाच्या वाटेला लागलो तेव्हा सगळ्यांत जड विषय निघाला तो लघवीचा. आमच्यातल्या अर्ध्याअधिक जणींनी सकाळपासून घोटभरही पाणी प्यालेलं नव्हतं. का, तर "वर जायला जागा कुठाय?" दवाखान्यात काम करताना आम्ही हे रोज बघितलं आहे. बसस्टँडवर, शेतात, कारखान्यात, लग्नाच्या मांडवात, बाई पाणी पीत नाही. मग लघवीची जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा तीच औषधं. डोंगरावर पाणी न पिणं तर चक्कर येऊन पडण्याची हमी. आम्ही दोन जुनी लुगडी बरोबर घेतली होती, ती दोघींनी धरली की आडोसा झाला. प्रत्येकीला दोन लिटर पाणी, आणि सोबत एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घातलेली बाटली. पाळी चालू असलेल्या तिघी होत्या, त्याही चढल्या. जुने पॅड कागदात गुंडाळून परत खाली आणले.

धडधाकट माणूस ही चढण पाऊण-एक तासात चढतो. आम्हाला दोन तास लागले आणि आम्ही कुणालाही घाई केली नाही. लक्ष्मणगिरी महाराजांच्या गुहेपाशी बसलो, त्र्यंबक दरवाजाच्या सावलीत बसलो. दम लागला की वाकून गुडघ्यावर हात ठेवायचे, नाकानं श्वास घ्यायचा, ओठ गोल करून सोडायचा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर मात्र "बरं वाटेल" म्हणून पुढं जायचं नाही. तिथंच थांबायचं आणि खाली निरोप द्यायचा.

माथा लांबलचक आहे. झाडी, गवत, कातळात कोरलेली पाण्याची टाकी, अंबरखान्याची इमारत. स्वच्छ हवा असली की कळसूबाई दिसतं, राज्यातलं सर्वांत उंच, १६४६ मीटर. शेजारचा औंढा दिसतो. तो त्याच डोंगररांगेत आहे, पण त्याच्या माथ्याला कातळ चढावा लागतो, तो नवख्यांनी करू नये. आम्ही माथ्यावरून फेरी मारली आणि दुसऱ्या वाटेनं उतरलो.

माथ्यावर चालताना साठीच्या मावशी सारख्या एका हातानं डोकं चाचपत होत्या. काय होतंय विचारलं तर म्हणाल्या, "डोंगरात आले नि डोक्यावर काय नाय. तोलच जातोय." त्यांच्या आयुष्यातली पन्नास वर्षं या रांगेच्या पायथ्यानं गेली, पण माथ्यावरून आपलं गाव कुठं दिसतं ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ बोटानं दाखवत उभ्या राहिल्या. आम्हीही घाई केली नाही.

उतरताना गुडघ्यावर चढणीपेक्षा जास्त भार येतो. काठी घ्यावी, पाऊल आडवं टाकावं, वाट नागमोडी धरावी. कड्याला आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माश्यांनी चावलं आणि ओठ सुजले किंवा श्वास घेता येईना, तर लिंबू चोळत बसू नये, तडक दवाखाना. साप चावला तर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा. सर्पदंशाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. विजा कडकडत असताना माथ्यावर थांबू नये.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या, हे दोन-तीन दिवस राहतं, गरम पाण्यानं शेकावं. लघवी काळपट झाली तर दाखवावं.

पुढची फेरी जानेवारीत आहे. त्याआधीच्या रविवारी विहारात बीपी, साखर, हिमोग्लोबिन बघणार आहोत. ७.४ वाल्या ताईंनी नाव आधीच दिलंय, दहाच्या वर आलं तर चढायचं असं ठरलंय. येताना पायातले बूट बरोबर आणा, आम्हाला तळ बघायचे आहेत.