खरेदीची शेवटची पायरी

जन्मतः दृष्टिहीन असलेले आणि तीस वर्षे संस्कृतचे अध्यापन करून निवृत्त झालेले पुण्यातील माझे एक स्नेही परवा फोनवरून प्रेशर कुकर मागवायला बसले, तेव्हा त्यांच्या अनुमतीने मी शेजारी बसून, मध्ये एक अक्षरही न बोलता, तो व्यवहार आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला.

त्यांच्या फोनवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आहे. बोट उजवीकडे सरकवले की तो पुढची गोष्ट उच्चारतो, आणि दोनदा टिचकी मारली की ती उघडते. हा उच्चार इतक्या वेगाने चालतो की माझ्या कानांना शब्द वेगळे करता येईनात, त्यांना मात्र सारे स्वच्छ उमगत होते. कुकर शोधणे सहज झाले. अडचणी सुरू झाल्या त्या त्यापुढे. छायाचित्रांचे वर्णन कोणी लिहिलेच नसल्याने यंत्राने त्या जागी एक लांबलचक आकडा वाचला; तीन लिटर निवडले गेले की पाच लिटर, हे केवळ चौकटीच्या रंगावरून कळण्याची व्यवस्था होती; आणि पिन कोडमधला एक अंक राहून गेला, तेव्हा त्या रकान्याची कड तांबडी होण्यापलीकडे कसलीही सूचना न मिळाल्यामुळे, आपला अर्ज पुढे का सरकत नाही हे न कळून त्यांनी तेच बटन चार वेळा दाबले. त्यातूनही ते पार पडले. परंतु पैसे भरताना आलेला ओटीपी ऐकून, तो ध्यानात धरून, पुन्हा त्या पानावरचा नेमका रकाना गाठेपर्यंत मुदत संपे; दोनदा असे झाल्यावर त्यांनी शेजारच्या मुलाला हाक मारली. ज्या गृहस्थाने आयुष्यभर आपला जमाखर्च स्वतः सांभाळला, त्याला आपल्या कार्डाचा आकडा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला, हे त्या तासाभरात मला सर्वांत दुःखद वाटले.

एखादे ऑनलाइन दुकान सर्वांना वापरता येण्याजोगे आहे की नाही, याची परीक्षा कशी करावी, या प्रश्नाचे उत्तर मला या प्रसंगात दिसते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुगम्यतेचे जे निकष घालून दिले, ज्यांची दुसरी आवृत्ती 2008 साली आली आणि 2018 व 2023 साली ज्यांत भर पडली, त्यांत एक कलम असे आहे की, एखादे काम अनेक पानांच्या मालिकेतून पुरे होत असेल, तर त्यातील प्रत्येक पान निकषास उतरल्याखेरीज कोणतेही एक पान उतरले असे मानता येत नाही; आणि या कलमाच्या स्पष्टीकरणार्थ दिलेला दाखला ऑनलाइन दुकानाचाच आहे. पहिले पान निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र घेऊन स्वस्थ बसणाऱ्या दुकानदाराने हे कलम अवश्य वाचावे.

तपासणीचे काही काम यंत्रावर सोपवता येते. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी निदान 4.5 : 1 असावे लागते, आणि ते यंत्र क्षणात मोजून देते. छायाचित्राला वर्णन नाही, हेही ते सांगते. पण असलेले वर्णन अर्थपूर्ण आहे की नुसती भरती, याचा निवाडा मनुष्यालाच करावा लागतो. म्हणून परीक्षकाने माऊस बाजूला सारून केवळ कीबोर्डच्या आधारे, टॅब व एंटर या कळांनी, वस्तू शोधण्यापासून पैसे भरण्यापर्यंत मजल मारून पाहावी. अक्षरे दुपटीने मोठी करून पाहावीत. आणि मायकल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 साली आरंभलेला, विनामूल्य मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून, पडदा बंद ठेवून, सारी खरेदी कानांनी करावी. तरीही डोळस परीक्षकाला पानाची रचना आधी पाहिल्यामुळे ठाऊक असते, आणि तेवढ्याने त्याचा निष्कर्ष उदार होतो.

कायद्याची बाजूही संदिग्ध राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या अधिनियमाचे 46 वे कलम सरकारी सेवांप्रमाणे खासगी सेवा पुरवणाऱ्यांनाही सुगम्यतेचे नियम लागू करते, आणि त्यासाठी दिलेली दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच अंगभूत भाग ठरवला. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची सक्ती ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना बँकेच्या दाराबाहेर ठेवत होती, ही त्यामागची हकिकत.

2011 च्या जनगणनेने देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या. त्यांत वार्धक्याने दृष्टी मंदावलेले, हात कापणारे असे अनेक जण धरलेले नसतील. त्यांनाही हीच वाट चालावी लागते.

महाराष्ट्रात ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे, की येत्या दिवाळीच्या विक्रीपूर्वी एका दृष्टिहीन आणि एका हात अधू असलेल्या ग्राहकास, त्यांच्या श्रमाचा योग्य मोबदला देऊन, आपल्या दुकानातून एक वस्तू पैसे भरण्यापर्यंत खरेदी करू द्यावी. त्यांच्या शेजारी स्वतः बसावे, आणि मध्ये काही सांगू नये.