चेहरा झाकला तरी

देवळाली कॅम्पची ओळख तोफखान्याशी जोडलेली आहे. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र इथे आलं आणि बाजारपेठ लष्कराच्या आधाराने नांदली. छावणीच्या आतली बातमी नाशिकच्या बातमीदाराला मिळायची ती बहुतेक अधिकृत पत्रकातून. जवान काय म्हणतो, हे त्यात नसायचंच.

२०१७ च्या जानेवारीत ही वाट मोडली. सीमा सुरक्षा दलाच्या तेजबहादूर यादव यांनी पातळ डाळ आणि करपलेला पराठा मोबाइलवर टिपून फेसबुकवर टाकला. मधे ना बातमीदार, ना संपादक. पाठोपाठ डेहराडूनच्या एका लान्स नायकाने सहायक पद्धतीवर बोट ठेवलं: अधिकाऱ्यांचे बूट पुसणं, त्यांची कुत्री फिरवणं हे सैनिकाचं काम नव्हे. ब्रिटिश काळापासूनची ही पद्धत बंद करा, असं संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ मध्येच सुचवलं होतं. अहवाल पडून राहिला. देश बोलू लागला तो काही मिनिटांच्या चित्रणानंतर. तेव्हाचे लष्करप्रमुख बिपीन रावत यांनी तक्रारपेट्यांची घोषणा केली, लष्कराने व्हॉट्सअॅपचा क्रमांक दिला आणि समाजमाध्यमांवर गाऱ्हाणी मांडणाऱ्यांना कारवाईचा इशाराही मिळाला.

त्याच विषयाच्या मागावर ‘द क्विंट’ या संकेतस्थळाच्या पत्रकार पूनम अग्रवाल देवळालीत आल्या. मदतीला एक निवृत्त जवान होते, कॅमेरा लपवलेला होता. सहायक म्हणून राबणारे जवान मोकळेपणाने बोलले. फेब्रुवारीच्या अखेरीस चेहरे धूसर करून ते चित्रण प्रसिद्ध झालं. २ मार्चला छावणीतल्या वापरात नसलेल्या बराकीत केरळच्या एका लान्स नायकाचा मृतदेह सापडला. त्या चित्रणात बोलणाऱ्यांपैकी तो एक होता. आपलं बोलणं टिपलं जातंय याची त्याला कल्पना नव्हती, असं लष्कराने निवेदनात म्हटलं. संकेतस्थळाने चित्रण काढून टाकलं.

माणूस जीव का देतो, याचं एकच कारण सांगता येत नाही आणि सांगूही नये. पोलिसांनी मात्र देवळाली कॅम्प ठाण्यात पत्रकार आणि निवृत्त जवान या दोघांवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आणि १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला. अधिकाऱ्याचं कुत्रं कोण फिरवतं, हे राष्ट्राचं गुपित कसं? हा कायदा इथे लावणं सरळसरळ अन्याय होता. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रणजित मोरे आणि न्या. भारती डांगरे यांच्या खंडपीठाने हा गुन्हा रद्द केला.

गुन्हा रद्द झाला म्हणून पत्रकारितेपुढचा प्रश्न मिटत नाही. यादव यांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावाने सांगितलं. पुढे त्यांना बडतर्फ व्हावं लागलं, पण बोलायचा निर्णय त्यांचा होता. देवळालीच्या जवानांकडून तो निर्णय कुणी मागितलाच नाही. धूसर चेहरा मुंबई-दिल्लीच्या प्रेक्षकापासून माणसाला लपवतो. शेजारच्या खाटेवरच्या सोबत्यापासून नाही. आवाज, चालण्याची ढब, मागची भिंत एवढं त्याला पुरतं. आणि आता ते चित्रण त्याच संध्याकाळी त्याच्याही मोबाइलवर पोचू शकतं. गाऱ्हाणं खरं असलं, तरी त्याची किंमत ज्याला मोजावी लागेल त्याला आधी विचारायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं. तो नाही म्हणाला, तर तेच दुखणं नियमावलीतून, माहिती अधिकारातून, निवृत्त जवानांच्या उघड मुलाखतींतून मांडता येतं. त्याला वेळ लागतो, आणि प्रेक्षकही कमी मिळतात.

ठोस कारणाशिवाय कुणाचं संभाषण त्याच्या नकळत ध्वनिमुद्रित करू नये, हा भारतीय वृत्तपत्र परिषदेचा जुना दंडक. पण परिषदेचा अंमल वृत्तपत्रांवर आणि वृत्तसंस्थांवर, संकेतस्थळांवर नाही. २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी हीच आचारसंहिता डिजिटल वृत्तमाध्यमांना बंधनकारक केली, सोबत सरकारी देखरेखही आणली. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेल्यांत ज्येष्ठ संपादक निखिल वागळे होते. १४ ऑगस्ट २०२१ ला न्यायालयाने त्या संहितेच्या सक्तीला स्थगिती दिली. सरकारच्या हाती हा चाबूक नको, हे वागळ्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. म्हणूनच छुपा कॅमेरा घेऊन निघालेल्या बातमीदाराला थांबवून ‘त्या माणसाला विचारलंस का?’ असं म्हणण्याचं काम संपादकाचंच आहे.