पिंपातला जाळ

लग्नसराईत जालन्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागल्या अंगाला दुपारी चारच्या सुमारास डोकावून बघावं. पुढे बँडवाले उरलेल्या पैशांसाठी ताटकळत असतात, पाठवणीची रडारड चाललेली असते आणि इकडे भांडी घासायच्या जागेशेजारी निळी पिंपं ओळीने उभी असतात. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, अर्धी खाल्लेली पुरी, मठ्ठा, सगळं एकात एक. नाकाला रुमाल लावून आपण पुढे सरकतो. आता हिशेब ऐका. असलं शंभर किलो खरकटं बंद टाकीत नीट कुजवलं, तर त्यातून साधारण दहा घनमीटर बायोगॅस निघतो. म्हणजे चार-साडेचार किलो एलपीजीचं काम. रोज शंभर किलो खरकटं निघणाऱ्या हॉटेलात चार-पाच दिवसांत १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरएवढा जाळ पिंपात जमा होतो, आणि आपण तो घंटागाडीत टाकून गावाबाहेर पाठवतो. तोही भाडं भरून!

शंभर किलो हा आकडा उगाच घेतलेला नाही. केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले, त्यात ही रेघ ओढलेली होती. दिवसाला सरासरी शंभर किलोहून जास्त कचरा करणारा तो मोठा कचरा उत्पादक. त्यातही हॉटेलं-उपाहारगृहांसाठी वेगळं कलम होतं: ओला कचरा वेगळा ठेवा आणि शक्य तिथे आपल्याच आवारात त्याचं खत किंवा गॅस करा. आणखी एक कलम तर लग्नघरांना क्वचितच माहीत असायचं. परवाना नसलेल्या जागी, म्हणजे समजा मोकळ्या मैदानात मांडव घालून, शंभरावर माणसं जेवायला बोलावली, तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक स्वराज्य संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगवेगळा करून द्यायचा. मराठवाड्यात शंभर माणसं म्हणजे साखरपुडासुद्धा होत नाही, तेव्हा या कलमाची व्याप्ती लक्षात यावी. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही शंभर किलोची ती रेघ आहेच. शिवाय ओल्या कचऱ्याची जागेवर सोय होत नसेल, तर त्याबदल्यात प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

पण सरकारी कलमांपेक्षा मला त्या टाकीच्या आत काय चालतं याचं जास्त कुतूहल. आपल्याकडे बायोगॅस म्हटलं की शेण, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं. त्याचं नावच गोबरगॅस. पुण्यातले शास्त्रज्ञ आनंद कर्वे यांनी हे समीकरण उलटं केलं. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेने मांडलेला हिशेब असा: पिष्ट किंवा साखर असलेला दोन किलो माल टाकीत घातला, तर एका दिवसात सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो. तेवढाच मिथेन शेणापासून हवा असेल, तर शेण लागतं चाळीस किलो आणि दिवस लागतात चाळीस. संस्थेच्या या छोटेखानी संयंत्राला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेण आणि अन्न यांतल्या या फरकाचं कारण ऐकल्यावर कपाळावर हात मारावासा वाटतो. शेण म्हणजे गाईने खाऊन, रवंथ करून, चार कप्प्यांच्या पोटातून फिरवून, तिला हवी तेवढी ऊर्जा काढून घेतल्यावर उरलेला चोथा. भात, पोळी, बुंदी यांना गाईने हातही लावलेला नसतो. सगळी ऊर्जा शाबूत. इतकी वर्षं आपण चोथ्यापासून गॅस काढत होतो आणि अस्सल माल उकिरड्यावर टाकत होतो.

ही ऊर्जा बाहेर काढणाऱ्यांची टाकीत उतरंड असते. पहिल्या फळीतले जीवाणू भाताचं पिष्ट, डाळीतली प्रथिनं, तुपातली स्निग्धं फोडून पाण्यात विरघळवतात. दुसरी फळी त्यांची आम्लं करते. तिसरी त्या आम्लांचं ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि हायड्रोजन बनवते. शेवटी येतात मिथेन करणारे. यांना जीवाणू म्हणणंही चूक. १९७७ साली अमेरिकेतल्या कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच मिथेनकरी जिवांची जनुकीय तपासणी केली आणि त्यांच्या लक्षात आलं, की हे जीवाणूंचे भाऊबंद नाहीतच. जीवसृष्टीची ती वेगळीच शाखा आहे, आर्किया नावाची. प्राणवायू यांना विषासारखा. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठण्याच्या कितीतरी आधीची ही जमात आज गाईच्या पोटात, दलदलीत आणि कचऱ्याच्या डोंगरांच्या पोटात लपून राहते. म्हणून नव्या टाकीत सुरुवातीला शेण कालवतात ते गॅससाठी नव्हे, विरजणासाठी.

ही मंडळी कामाला संथ आणि स्वभावाने नाजूक. वरच्या फळ्या भराभर आम्ल करतात, यांना ते खायला वेळ लागतो. लग्नाच्या तिथीला कोणी उत्साहाने दुप्पट भात ओतला, की टाकी आंबते, सामू साडेसहाच्या खाली घसरतो आणि गॅस बंद पडतो. टाकी सांभाळणारा अनुभवी माणूस त्या दिवशी जास्तीचा माल बाजूला ठेवतो, रोजचं माप मोडत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र उभारलं, त्यात या भांडणावर तोडगा म्हणून दोन टाक्या वेगळ्या केल्या. पहिलीत हवा आणि उष्णता देऊन अन्न झटपट फोडायचं, दुसरीत हवा बंद करून निवांत मिथेन करू द्यायचा. ज्याला त्याला त्याची खोली.

हेच आर्किया कचरा डेपोतही हे काम करतात, तेही फुकट. फरक इतकाच, की तिथला मिथेन शेगडीत न जाता आकाशात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. शेगडीत पेटवला तर इंधन, डेपोवर सोडला तर उपद्रव आणि अधूनमधून आगी.

मग बंदी घालून टाकावी, असं कोणीही म्हणेल. अमेरिकेत सर्वांत आधी पाच राज्यांनी हेच केलं: मोठ्या हॉटेलांनी, दुकानांनी अन्नाचा कचरा डेपोवर पाठवायचा नाही. २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या बंद्यांचा पडताळा छापून आला. पाचांपैकी चार राज्यांत काही फरक दिसला नाही. फक्त मॅसॅच्युसेट्समध्ये डेपोवर जाणारा कचरा सरासरी सात टक्क्यांनी घटला. तिथे कायदा सोपा होता, सवलती कमी होत्या, तपासणीला माणसं खरोखर जात होती आणि मुख्य म्हणजे खत-गॅसचे प्रकल्प जवळजवळ होते. नियम कडक असून भागत नाही, पिंप न्यायला जागा लागते, हे इथे आकड्यांत दिसलं. दक्षिण कोरियाने २००५ साली अन्नकचरा पुरायला मनाई केली आणि २०१३ पासून वजनावर पैसे घ्यायला सुरुवात केली. तिथे मनाईच्या मागे वजनकाटा आहे.

जालन्याला हे कळायला अमेरिका कशाला हवी? साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलेल्या डेपोच्या गाड्या अडवल्या आणि आठवडेच्या आठवडे शहराचा कचरा रस्त्यावर राहिला. गाव नको म्हणालं तेव्हा नियमांचा कागद होताच, फक्त कचरा न्यायला दुसरी जागा नव्हती. पुढे कांचनवाडीला रोज तीस टनांचा ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्रकल्प आला.

नाशिकने तर कमालच केली. जर्मनीच्या जीआयझी संस्थेच्या मदतीने २०१७ साली तिथे एक प्रकल्प सुरू झाला. हॉटेलांचं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकाच टाकीत, दोन्ही मिळून रोज तीस टनांपर्यंत, आणि त्यातून वीज. ऐकून तोंड वाकडं होतं, पण जोडी अगदी शास्त्रशुद्ध. खरकट्यात कर्ब आणि ऊर्जा भरपूर, मैल्यात नत्र आणि पाणी. एकाचं उणं दुसरं भरून काढतं.

जालन्यात अशी टाकी बसवली, तर तिच्यापुढे मात्र एक अडचण उभी राहील, आणि ती इथल्या अभिमानाच्याच वस्तूची आहे. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे. हंगामात बाजार समितीत ढीग लागतात, डागी फळ बाजूला पडतं आणि रसवंत्यांच्या दारात सालींची पोती भरतात. ओला कचरा म्हणून ही पोती डोळे झाकून टाकीत गेली, तर गॅस मंदावतो. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं. साल सोलताना हवेत उडणारा तो सुगंधी फवारा त्याचाच. कीड आणि बुरशी फळाजवळ फिरकू नये म्हणून झाडाने केलेली ती तजवीज आहे, आणि टाकीतल्या आर्कियांनाही ती तितकीच झोंबते. अब्जावधी वर्षांची जुनी जमात मोसंबीच्या सालीपुढे हात टेकते.

यावर उपाय आहेत. साली थोड्याच प्रमाणात, भात-भाजीत मिसळून द्यायच्या, किंवा वाफेने आधी तेल काढून घ्यायचं. साबण आणि सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात या तेलाला गिऱ्हाईक आहे, आणि तेल गेलेली साल टाकीला चालते. उरलेल्या साली वेगळ्या कुजवून खत करता येतं. २०२३ साली महानगरपालिका झालेल्या जालन्यात घंटागाडीला ओल्या-सुक्याचे दोन कप्पे पुरायचे नाहीत. बाजार समितीच्या फाटकापाशी सालींसाठी तिसरं पिंप लागेल, आणि टाकीतून निघालेली खतासारखी स्लरी घेऊन परतणारी गाडी अंबड-घनसावंगीच्या मोसंबीच्या बागांकडेच वळवावी लागेल.